भरल्या गाडीचं खरं ॲव्हरेज: ७८८ किलोमीटर, ६६.१ लिटर

"ॲव्हरेज किती देते?" गाडी घेतल्यापासून हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर तोंडपाठ झालं होतं: "तेरा-चौदा." हा आकडा मी डॅशबोर्डच्या स्क्रीनवरून उचललेला, कधी तपासून पाहिलेला नाही. परवा चार दिवस डोंगरात जाऊन आलो, तेव्हा मात्र वही आणि पेन गाडीतच ठेवलं.

गाडी सात आसनी एसयूव्ही, १.५ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक, टाकी ५० लिटरची. कंपनीच्या पत्रकात १५.५ लिहिलंय. आम्ही पाच जण: मी, बायको, दोन मुलं आणि आई. सामानासकट वजन दोन टनांच्या आसपास. आई महिनाभर मावशीकडे राहणार होती, म्हणून तिचं सामान जास्त. ते आत मावेना, तेव्हा टपावरच्या कॅरिअरला कापडी बॅग बांधली. ही बॅग लक्षात ठेवा.

मोजण्याची पद्धत जुनीच, टाकी फुल ते टाकी फुल. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं. "राउंड फिगर करू का?" असं पंपावर विचारतात, त्याला नाही म्हणायचं. मोजमाप बिघडतंच, शिवाय काठोकाठ भरलेलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यापर्यंत जाऊन तो खराब होऊ शकतो. या पद्धतीतही अर्धा-एक लिटर इकडेतिकडे होतो. पंचवीस लिटर भरताना तो चालून जातो, तीन लिटर भरताना सगळा हिशेब झोपतो. म्हणून घाट चढणं, वरचा मुक्काम आणि उतरणं मी एकाच भरणीत धरलं आणि त्यातले तुकडे स्क्रीनवर पाहिले.

जाताना सपाट महामार्ग, २८६ किलोमीटर, पेट्रोल लागलं २६ लिटर. म्हणजे ११. मला वाटलं नोझलमध्येच काहीतरी गडबड आहे. डोंगरातले २२१ किलोमीटर २१.४ लिटरमध्ये झाले, म्हणजे १०.३. परतीचा तोच महामार्ग २८१ किलोमीटर, १८.७ लिटर, म्हणजे १५. रस्ता तोच, गाडी तीच, चालवणाराही मीच. सगळ्या सहलीचं मिळून ११.९ पडलं. तेरा-चौदा सांगत फिरणाऱ्या माणसाला हे जरा लागलंच.

घाट गाडीला पितो असं आपण म्हणतो. तो हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. पायथ्यापासून वरपर्यंत ६४ किलोमीटरमध्ये उंची वाढते साधारण ११०० मीटर. दोन टन वजन तेवढं उचलायला सुमारे २२ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एका लिटर पेट्रोलमध्ये ऊर्जा असते साधारण ३२ मेगाज्यूल, पण इंजिन त्यातली तीसेक टक्केच चाकांपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे निव्वळ चढाईचं बिल सव्वादोन लिटर. फक्त सव्वादोन! आणि उतरताना त्यातलं बरंचसं परत मिळतं. स्क्रीनवर चढताना ९.४ आलं, उतरताना २५.

इथे एक चूक सगळे करतात, मीही केली. ९.४ आणि २५ यांची सरासरी सतरा धरून मी बायकोला ऐटीत सांगितलं. तिने मोबाइलवर भागाकार केला: चढताना ६.८ लिटर, उतरताना २.६ लिटर, मिळून ९.४ लिटर; जाऊन-येऊन १२८ किलोमीटर भागिले ९.४ लिटर, उत्तर साडेतेराच्या जरा वर. किलोमीटर प्रति लिटरच्या आकड्यांची अशी थेट सरासरी काढता येत नाही. आधी लिटर काढा, त्यांची बेरीज करा आणि मग भागा. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, त्यात हा घोळ बराच कमी होतो. सहलीचं पेट्रोल किती लागेल हे काढतानाही तीच पद्धत बरी.

उतरताना गिअरमध्येच राहायचं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी गिअरमध्ये असली की आजच्या इंजिनात इंधनाचा फवाराच बंद होतो, कारण चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये टाकलं तर इंजिनाला स्वतःला चालू ठेवायला पेट्रोल जाळावं लागतं, वर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. तेव्हा 'न्यूट्रलवर ढकलत आणलं' हे कौतुकाने सांगणाऱ्यांचं ऐकू नका. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड घेऊन दुसरा-तिसरा गिअर धरून ठेवा.

डोंगरातला खरा खड्डा वरच्या मुक्कामात पडला. तीन दिवसांत ९३ किलोमीटर फिरलो आणि स्क्रीनवर ८.३ आलं. दोन-तीन किलोमीटर जायचं, तासभर गाडी बंद, पुन्हा दोन किलोमीटर. थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडावं लागतं, तेल घट्ट असतं आणि इंजिन तापेपर्यंत आपण मुक्कामाला पोचलेलो असतो. त्यात एक दिवस सूर्यास्त पाहायच्या जागेच्या वाटेवर पाऊण तास अडकलो, मागे मुलं, एसी चालू. नुसतं उभं राहून एवढं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर जाळतं, एसी असेल तर वरच्या टोकाला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी आम्ही चालत गेलो. पाऊण तासच लागला.

आता महामार्ग. जाताना घाई होती, क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) ११० वर लावून मी मस्तपैकी बसलो होतो. परतीला आई नव्हती, तिचं सामान नव्हतं. टपावरची बॅग घडी करून मागे टाकली आणि पायथ्याशी थांबून कॅरिअरच्या दांड्याही काढल्या. बहुतेक रस्ता ९० ने आलो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ९० वरून ११० वर गेलं की तो जवळजवळ दीडपट होतो. एसयूव्ही उंच आणि रुंद, तेव्हा तिला सेडानपेक्षा हा दंड मोठा बसतो. त्यावर टपावर बॅग म्हणजे तोंडासमोर उघडी छत्री धरून धावण्यातला प्रकार.

पण वेग आणि बॅग दोन्ही एकदम बदलले, मग दोष कोणाचा? म्हणून परतीला ३० किलोमीटरचा एक मोकळा पट्टा मुद्दाम ११० ने काढला. स्क्रीनचे आकडे असे: ११० ला बॅगेसकट ११.५, ११० ला बॅगेशिवाय १२.८, ९० ला बॅगेशिवाय १५.९. लिटरमध्ये मांडलं तर २८० किलोमीटरच्या रस्त्यावर बॅगेने अडीच लिटर खाल्ले आणि वेगाने चार लिटरांहून थोडे जास्त. प्रयोगशाळेतला प्रयोग नाही हा. वारा कुठून होता ते मी पाहिलं नाही, आईचं आणि सामानाचं वजनही कमी झालेलं होतं. तरी घाटाची निव्वळ चढाई सव्वादोन लिटरची आणि टपावरची बॅग अडीच लिटरची, हे मला अजून पचलेलं नाही.

आणि वेळ? जाताना गाडी चालत होती तीन तास वीस मिनिटं, येताना तीन तास चाळीस. पुढे ट्रक असले की ११० चे ७० होतातच, मग पुन्हा दाबून ११० गाठा, त्याचं पेट्रोल वेगळं.

स्क्रीनवर किती विश्वास ठेवायचा? माझा स्क्रीन प्रत्येक टप्प्यात तीन ते साडेचार टक्के फुगवून सांगत होता. तुलनेला ठीक, फुशारकीला नाही. तुमच्या गाडीचा फरक दोन-तीन टाक्यांत कळेल.

हवेबद्दल दोन शब्द. भरल्या गाडीसाठी टायरचं प्रेशर वेगळं असतं, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत मिळतं. टायर थंड असताना, निघायच्या आधी भरायचं. ॲव्हरेजसाठी मात्र त्याचा फार बोलबाला झालाय: एक पीएसआय (टायरमधला दाब मोजायचं एकक) कमी असेल तर नुकसान सरासरी ०.२ टक्के. हवा नीट भरायची ती भारामुळे टायर तापून फुटू नये म्हणून. इंधनाचा प्रकारही पाहा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी. जुन्या ॲव्हरेजशी तुलना करताना हे विसरू नये.

पत्रकातल्या १५.५ वर माझा राग नाही. तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा आकडा, एसी बंद. युरोपातली डब्ल्यूएलटीपी नावाची चाचणीच पाहा: २३ किलोमीटर आणि काही मीटर, ३० मिनिटं, सरासरी वेग ताशी साडेसेहेचाळीस. तिच्यात थोडा वेळ १३० चा वेगही येतो, त्यामुळे आधीच्या युरोपीय चाचणीपेक्षा ती बरीच खरी. तरीही युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांच्या नोंदी जाहीर केल्या, त्यात पेट्रोल-डिझेल गाड्यांचं प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन, म्हणजे पर्यायाने इंधन, चाचणीपेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघालं. तोच फरक धरून १५.५ ला १.२ ने भागलं की जवळजवळ तेरा येतात. तुम्ही निघणार असाल तर पत्रकातला आकडा असा भागून घ्या. टपावर सामान असेल किंवा वर जाऊन छोट्या फेऱ्या मारायच्या असतील तर आणखी एक-दोन वजा करा आणि पायथ्याला टाकी भरा. वर पंप असतोच असं नाही, आणि अडकून पडलात तर उभ्या उभ्या किती जळतं ते वर आलंच आहे.

पुढच्या महिन्यात आईला आणायला जायचंय. या वेळी ९० च्या वर जायचं नाही आणि टप रिकामा ठेवायचा, असं ठरवून वहीत लिहूनही टाकलं. काल तिचा फोन आला: "अरे, सामान जरा वाढलंय बरं का. येताना ती वरची बॅग घेऊन ये."