लायसन्सची तारीख

मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक आहे. स्वतःही माजी सैनिकच. क्लार्क ट्रेड (ट्रेड म्हणजे फौजेत नेमून दिलेलं काम), नायब सुभेदार म्हणून घरी आलो. लोकांना आमचं ऑफिस आठवतं ते 7 डिसेंबरला, ध्वजदिनाची पावती फाडायची वेळ आली की. बाकीचं वर्ष आमचं जातं ते पीपीओतल्या, म्हणजे पेन्शनच्या आदेशातल्या, चुका निस्तरण्यात. रेकॉर्डला बायकोचं नाव 'सुमन' आणि आधारला 'सुमनबाई', एवढ्यावर फॅमिली पेन्शन अडकून पडते. त्यातून उसंत मिळाली की मग नोकरीचं रजिस्टर उघडायचं.

त्या रजिस्टरात नाव घालायला येणारा माणूस म्हातारा नसतो, हे आधी सांगायला हवं. जवान पंधरा-सतरा वर्षांच्या सेवेवर घरी येतो तेव्हा त्याचं वय असतं पस्तीस ते चाळीस. मुलं शाळेत, घराचं कर्ज अर्धं बाकी. देशभरात दरवर्षी सुमारे 60 हजार जण असे बाहेर पडतात. त्यांच्यासाठी केंद्राच्या नोकऱ्यांत गट क मध्ये 10 टक्के आणि गट ड मध्ये 20 टक्के जागा आहेत, महाराष्ट्र शासनाकडे 15 टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी पास आणि पंधरा वर्षं सेवा झालेल्या माणसाला पदवीची अट असलेल्या बऱ्याच पदांना अर्ज करता येतो. कागद बघितला तर कुणालाही वाटेल, या माणसाला नोकरीला काय तोटा?

मग रोजगार मेळावा भरतो आणि कंपन्यांची टेबलं मांडली जातात. त्यातली निम्म्याहून जास्त सिक्युरिटी एजन्सींची. माजी सैनिक म्हटलं की गेट, एटीएम नाहीतर बंगल्यासमोरची खुर्ची, यापलीकडे आपल्या समाजाचं डोकं चालत नाही. सिग्नल्सचा टेक्निशियन, ईएमईचा (फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेचा) मेकॅनिक, मेडिकलचा नर्सिंग असिस्टंट, कुणीही असो, सगळ्यांना एकाच मापाची निळी पँट. ट्रेडचा रकाना फॉर्मवर असतो, पण तो वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

गेल्या मेळाव्यात माझ्यासमोर एक नाईक येऊन बसले. (नाईक हा हुद्दा, नाव मुद्दाम देत नाही.) फॉर्मवर 'पसंतीचे काम' पुढे त्यांनी लिहिलं होतं, 'कोणतेही'. बायको शेजारी उभी होती. मी विचारलं, ट्रेड?

"ड्रायव्हर एमटी, साहेब. एएससी."

"कुठं कुठं?"

"शेवटची पोस्टिंग लेह. त्याआधी दोनदा तिकडंच."

एमटी म्हणजे मोटर ट्रान्सपोर्ट, एएससी म्हणजे फौजेला रसद पुरवणारी आर्मी सर्व्हिस कोअर. म्हणजे स्टॅलियन ट्रक घेऊन झोजी ला खिंड ओलांडणारा, साडेसतरा हजार फुटांवरच्या खारदुंग ला वरून नुब्रा खोऱ्यात रेशन पोचवणारा माणूस. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: तिथं कॉन्व्हॉय पहाटे निघतो, रस्ता एकेरी असतो, टीसीपीवरचा (वाहतूक नियंत्रण चौकीवरचा) जवान सोडेल तेव्हाच पुढं जायचं. बर्फावर चाकांना चेन चढवायची ती उघड्या हातांनी, कारण हातमोज्यांत हूक बसत नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मागं वीस गाड्या. तिथं ब्रेक दाबणारा ड्रायव्हर टिकत नाही, गिअरवर गाडी धरणाराच टिकतो. असा माणूस माझ्यासमोर 'कोणतेही' लिहून बसला होता. मी ते खोडलं आणि 'जड वाहन चालक' लिहिलं. त्यांनी हरकत घेतली नाही. बायको मात्र पहिल्यांदा हसली.

मेळाव्यात एक बस ठेकेदार आला होता. कारखान्यांच्या कामगारांची ने-आण करणाऱ्या मोठ्या बसेस, ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून रडत होता. मी नाईकना हाताला धरून नेलं. त्याच्या माणसानं लायसन्स मागितलं, पाहिलं आणि परत दिलं. "हे मिलिटरीचं आहे. हे चालत नाही."

त्याचं चुकलं नव्हतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 18 म्हणतं, संरक्षण कामासाठीच्या केंद्र सरकारच्या गाड्या चालवायला दिलेल्या लायसन्सवर दुसरी कुठलीही गाडी चालवता येत नाही. नाईकांकडं सुट्टीत काढलेलं मोटरसायकल आणि कारचं सिव्हिल लायसन्स होतं. हेवी नव्हतं. फौजेत त्याची गरज कधी पडली नाही आणि काढून ठेव म्हणून कुणी सांगितलंही नाही. सेवेच्या शेवटी पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स असतात, चोवीस आठवड्यांपर्यंतचे. जवानाला फीसुद्धा नाही. नाईकांनी मागितला होता. युनिटला ड्रायव्हर कमी म्हणून सोडलं नाही. ज्या कामासाठी त्याला सोडलं नाही, त्याच कामाचा परवाना बाहेर त्याच्याकडं नाही!

पण त्याच कायद्याचं कलम 9 आमच्या बाजूनं आहे. कलम 18 खालचं लायसन्स ज्याच्याकडं आहे किंवा पूर्वी होतं, त्याला त्याच प्रकारच्या गाडीसाठी चाचणी द्यावी लागत नाही, असं त्यात लिहिलंय. क्लार्कची जात माझी, कलम सापडलं की भूक लागत नाही. प्रिंट काढली, त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि नाईकांसोबत स्वतः आरटीओत गेलो.

खिडकीवरच्या बाईंनी प्रिंट उलटीसुलटी करून बघितली आणि आत पाठवलं. आतल्या इन्स्पेक्टरांनी मात्र ती नीट वाचली, हे कबूल करायला हवं. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण असं प्रकरण माझ्याकडं आजवर आलेलं नाही. वर विचारायला लागेल, त्यात महिना जाईल. त्यापेक्षा टेस्ट देऊन टाका ना. पाच मिनिटांचं काम."

माझी तार सटकली. कायद्यानं जे आपोआप मिळायला हवं, त्यासाठी या माणसानं परीक्षा का द्यायची? मी बोलायला तोंड उघडलं तोवर नाईक उठून उभे राहिले होते. "देतो की साहेब टेस्ट. त्यात काय."

कागदपत्रं, फी, तारीख हे सगळं यथावकाश झालं. टेस्टच्या दिवशी ट्रॅकवर एका ड्रायव्हिंग स्कूलचा जुना ट्रक होता. उमेदवारांची रांग. प्रत्येक जण केबिनमध्ये चढत होता, एक फेरी मारत होता, थोडं रिव्हर्स घेऊन उतरत होता. इन्स्पेक्टर टॅबवर खुणा करत होते, वर बघतही नव्हते.

नाईकांची पाळी आली तर हे चढेनातच. ट्रकला उजवीकडून फेरी घालायला लागले. माझ्या लक्षात आलं, हे फर्स्ट परेड करतायत. फौजेत सकाळी गाडी सुरू करण्याआधी ड्रायव्हरनं ती तपासायची असते, रोज, गाडी चालणार असो वा नसो. बॉनेट उघडून डिपस्टिक काढली, बोटानं पुसली, पुन्हा घातली, उजेडात धरून बघितली. रेडिएटरचं पाणी. फॅनबेल्ट अंगठ्यानं दाबून पाहिला. मग वाकून गाडीखाली, कुठं काही गळतंय का. टायरवर बुटाची टाच मारत मारत पुढच्या डाव्या चाकापाशी आले आणि थांबले. खाली बसले. एका नटाभोवती गंजाची बारीक तांबूस रेघ उतरली होती. मला ती दाखवल्याशिवाय दिसली नसती. त्यांनी नटाला हात लावला आणि नट बोटांनी फिरला. शेजारचाही.

"पाना द्या," म्हणाले.

स्कूलवाला पोरगा वैतागला. "अहो काका, ट्रॅकवर फिरवायचाय, मुंबईला न्यायचा नाही! मागं रांग आहे."

"पाना द्या. त्याशिवाय मी बसणार नाही."

रांगेतून कुणी तरी शिट्टी मारली. आता मात्र इन्स्पेक्टरांनी मान वर केली, चालत आले आणि स्वतः नट हलवून पाहिला. नंतर त्या पोराला त्यांनी जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पाना आला. नाईकांनी समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळले, मग दुसऱ्या बाजूचं चाक तपासलं, हात पँटला पुसले आणि चढले. ट्रक रिव्हर्समध्ये दोन खांबांच्या मधोमध असा घातला की मला डोळ्यांत पाणी आलं, आणि मी गाडीतलं काही कळणारा माणूस नाही. इन्स्पेक्टरांनी विचारलं, "किती वर्षं चालवताय?" नाईक म्हणाले, "सतरा."

लायसन्स आलं. त्याच आठवड्यात आम्ही बस ठेकेदाराकडं गेलो. जागा अजून रिकामी होती. त्याच्या माणसानं नवं कार्ड हातात घेतलं आणि म्हणाला, "हेवीला तीन वर्षांचा अनुभव लागतो. यावर तर याच महिन्याची तारीख आहे."

मी डिस्चार्ज बुक उघडून ठेवलं. ट्रेड दाखवला, सेवा दाखवली, पोस्टिंग दाखवल्या. तो उद्धट नव्हता. चहाही मागवला त्यानं. "मला पटतंय हो सर. पण अट कंपनीची आहे, कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलीय. उद्या काही झालं तर ते लायसन्सची तारीखच बघणार."

म्हणजे सतरा वर्षं नियमानं पुसली गेली आणि त्या सकाळच्या टेस्टपासून नाईक नवशिके झाले. मी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलंय: एमटी ड्रायव्हरला सेवेच्या शेवटच्या वर्षातच युनिटमधून सिव्हिल हेवी लायसन्स काढून द्यावं, आणि मिलिटरी लायसन्सची मूळ तारीख त्यावर नोंदवावी. उत्तर आलं, 'प्रस्ताव विचाराधीन आहे.' या उत्तराचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको, फौजेत मीच असली उत्तरं टाइप केलीत. पण 2026 च्या अखेरीपासून अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या चार वर्षं पूर्ण करून बाहेर पडू लागतील. त्यांच्यातही ड्रायव्हर असणार. त्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही; मग ते कुठल्या रजिस्टरात येणार, हे मला विचारायला लागलेत त्यांचे वडील.

नाईक सध्या एका साखर कारखान्याच्या गेटवर आहेत. सिक्युरिटी. बारा तास. तक्रार त्यांची नाही, माझी आहे. परवा फोन आला होता. तालुक्याच्या दूध संघाची टँकर ड्रायव्हरची जाहिरात आलीय, हेवी लायसन्सला एकच वर्ष मागितलंय. मी जाहिरात मागवून घेतली. अर्जाची शेवटची तारीख त्यांच्या लायसन्सला वर्ष पुरं व्हायच्या आठवडाभर आधी आहे. संघाचे चेअरमन सोमवारी ऑफिसात भेटतात म्हणे. डिस्चार्ज बुक घेऊन या म्हणून नाईकना सांगितलंय. आणि या वेळी युनिफॉर्म घालून येऊ नका, नाहीतर तिथंही गेटवरच बसवतील.