घासून गेलेलं नाव

“नव्यासारखी केलीय!” लंडनमधला तो विक्रेता कौतुकाने म्हणाला.

व्हिक्टोरियाकालीन घोडदळ अधिकाऱ्याची तलवार. १८२१ पॅटर्न, म्हणजे ब्रिटिश लष्कराचा त्या सालचा ठरलेला नमुना. मुठीवर हात झाकणारी तीन दांड्यांची परज. मुठीचं कातडं, त्यावरची तार, सगळं शाबूत. पातं मात्र आरशासारखं. त्यावर आम्लाने उमटवलेली नक्षी, राणीची आद्याक्षरं बफिंगच्या, म्हणजे पॉलिशच्या चाकाखाली जवळपास पुसली गेलेली.

मी पात्याची पाठ उजेडात धरली. तलवारी बनवणारी इंग्लंडची विल्किन्सन कंपनी १८५४ पासून अधिकाऱ्यांच्या तलवारींवर तिथेच क्रमांक टाकायची. त्यांच्या जुन्या नोंदवह्या टिकल्या आहेत. क्रमांक मिळाला तर तलवार कधी विकली गेली आणि बऱ्याचदा कुणी घेतली, तेही कळतं. इथे दोनच आकडे उरले होते, तेही अर्धवट.

फार वाईट वाटलं. गंज थांबवायला मऊ कापड आणि थोडं तेल पुरलं असतं. काळसर झालेलं पोलाद म्हणजे घाण नव्हे हो! चमक काय, कधीही आणता येते. घासलेला आकडा परत येत नाही.

आपल्याकडेही खंडेनवमीच्या आधी घरातली जुनी तलवार पॉलिश पेपरने घासली जाते. तुमच्या घरी असेल, तर यंदा घासण्याआधी पात्याचे आणि मुठीचे नीट फोटो काढून ठेवाल का?