आमची वाटचाल: दोन शहरांच्या मधे मोटर भरण्याचा व्यवसाय

दोन्ही बाजूंची मोठी शहरे तासाभराच्या अंतरावर असलेल्या लहानशा गावात नव्या विद्युत मोटरींच्या विक्रीचे दुकान काढण्याचा आमचा हिशेब कागदावर बरोबर दिसत होता. भोवतालच्या शेतांत पंप होते, काही गिरण्या आणि लाकूड कापणारे छोटे कारखाने होते, आणि मोटरी विकणारे दुसरे कोणी नव्हते. दुसरे कोणी का नव्हते, हा प्रश्न मात्र आम्ही स्वतःला विचारला नाही. गिऱ्हाईक येई, कोणत्या कामाला किती अश्वशक्तीची मोटर लागेल हे आमच्याकडून नीट समजून घेई आणि पुढच्या खेपेला शहरात गेले की तिथूनच मोटर घेऊन येई. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण शहरात दहा प्रकार पाहून निवड करता येत होती. तीन वर्षांनी आम्ही विक्री बंद केली.

पुढे वाचनात आले की विल्यम रायली या अमेरिकन अभ्यासकाने १९३१ साली याच गोष्टीचा नियम मांडला होता: शहराची ओढ त्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. एक शहर दुसऱ्याच्या चौपट असेल, तर त्यांच्या बाजारपेठांची सीमा लहान शहराकडे सरकते, आणि तिचे मोठ्या शहरापासूनचे अंतर लहान शहरापासूनच्या अंतराच्या दुप्पट भरते. या मांडणीत मधल्या गावाचा विचार येतो तो तिथले लोक खरेदीला कुणीकडे जाणार, एवढ्यापुरताच. आमच्या गल्ल्याने ते आधीच सांगितले होते.

आम्हाला तारले ते जळालेल्या मोटरींनी. नवी मोटर घेणारा आठवडाभर थांबू शकतो; ज्याची मोटर ऐन कामात जळाली आहे, तो थांबू शकत नाही, आणि दोन माणसांनी उचलावी लागणारी मोटर शहरात नेऊन टाकायची, मग ती आणायला पुन्हा जायचे, यात त्याचे दोन दिवस मोडतात. मोटर भरण्याचे, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळण्याचे काम तसे सावकाशीचे असते. जुन्या कॉइल काढताना स्टेटर, म्हणजे मोटरीचा न फिरणारा भाग, फार तापवला तर त्याच्या पत्र्यांमधले इन्सुलेशन बिघडते आणि भरलेली मोटर पहिल्यापेक्षा गरम चालते. तार बसवल्यावर वार्निश पाजून ओव्हनमध्ये पुरती वाळवावी लागते, आणि मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजण्याच्या यंत्रावर, तपासल्याशिवाय ती दाराबाहेर जात नाही. यातला कोणताही टप्पा आम्ही घाईने उरकला नाही. वाचवला तो गिऱ्हाइकाच्या येण्याजाण्याचा वेळ.

पहिल्या दिवसापासून आम्ही एक वही ठेवली. प्रत्येक मोटरीचे वेढे, तारेचा गेज (जाडी), जोडणी आणि जळण्याचे कारण तिच्यात लिहिलेले असते. लहान गावात तीच मोटर पुन्हा तुमच्याच दारात येते, म्हणून या वहीला मोल आले. एकच मोटर तिसऱ्यांदा आली तेव्हा नोंदींवरून दिसले की दर वेळी वीजपुरवठ्याच्या तीन फेजपैकी एक गेल्यावर ती तशीच चालू राहिली होती. त्या अवस्थेत भार तोच राहिला तर उरलेल्या दोन फेजमधून सुमारे पावणेदोनपट करंट वाहतो, आणि तापमान मर्यादेपेक्षा दर १० अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होत जाते. आम्ही तिथे फेज गेली की मोटर बंद करणारा संरक्षक रिले बसवला. त्यानंतर ती मोटर भरायला आलेली नाही, म्हणजे आमचे एक काम गेले; पण त्याच मालकाने आपल्या सगळ्या यंत्रांची मासिक तपासणी आमच्याकडे सोपवली. आज आमचा निम्म्याहून अधिक महसूल अशा तपासण्यांतून येतो.

शहराने आमच्याकडून फक्त घेतलेच असे म्हणणे अन्यायाचे होईल. बेअरिंग, तार, वार्निश यांचा मोठा साठा आम्हाला कधीच करावा लागला नाही. सकाळी कळवले की संध्याकाळपर्यंत माल हातात येतो. विल्यम अलोन्झो यांनी १९७३ मध्ये याला ‘उसना आकार’ अशा अर्थाचे नाव दिले: मोठ्या शहराजवळची लहान वस्ती त्याच्या मोठेपणाचे काही फायदे स्वतः मोठी न होता वापरते. याउलट रोटरच्या (मोटरीच्या फिरणाऱ्या भागाच्या) डायनॅमिक बॅलन्सिंगचे, म्हणजे तो फिरवून त्याचा तोल साधण्याचे, यंत्र आम्ही घेतले नाही. वाल्टर क्रिस्टालर यांच्या १९३३ च्या सिद्धांतात प्रत्येक सेवेला टिकण्यापुरते किमान गिऱ्हाईक लागते असे म्हटले आहे, आणि या यंत्राला पुरेल एवढे काम आमच्या टापूत नाही. तसे रोटर आम्ही शहरात पाठवतो आणि ते गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.

कारागिरांची गोष्ट अधिक अवघड ठरली. दोन वर्षे शिकवलेला मुलगा हात बसला की शहरातल्या पगारावर निघून जाई, आणि सुरुवातीला मला त्याचा फार राग येत असे. आता शिकवायला घेतानाच तो जाईल असे धरून चालतो आणि एका वेळी दोघांना शिकवतो. गेलेल्यांपैकी एक जण रोजच्या अडीच तासांच्या प्रवासाला कंटाळून परत आला. दुसरा शहरातच राहिला, आणि तिथल्या कार्यशाळा ज्या जुन्या मोटरी वेळखाऊ म्हणून नाकारतात, त्या आमच्याकडे धाडतो.

गेल्या वर्षी शहराकडचा रस्ता रुंद झाला आणि प्रवासाची वेळ बरीच कमी झाली. पहिल्याच महिन्यात आमची सुट्या बेअरिंगची विक्री घसरली. त्याच रस्त्याने शहराच्या कडेचे तीन कारखाने मात्र आमच्या टप्प्यात आले, आणि त्यांच्या मोटरी हाताने उतरवण्याजोग्या नसल्यामुळे आम्ही दार रुंद करून आत साखळीची कप्पी बसवून घेतली.