चमकण्याचे इतके प्रकार कशाला?

इंग्रजीत चमकण्यासाठी एवढी क्रियापदं का आहेत? नुसतं 'शाइन' म्हटलं तर बिघडतं काय? मी इंग्रजी शिकवते आणि भाषांतरंही करते, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बिघडत काही नाही. 'शाइन' सूर्याला चालतं, दिव्याला चालतं, पुसलेल्या काचेलाही चालतं. पण वाचणाऱ्याला त्यातून उजेड होता एवढंच कळतं. तो आला कुठून, पडला कशावर, एकसारखा होता की लपकत होता, हे बाकीची क्रियापदं सांगतात. शब्दकोशात मात्र सगळ्यांपुढे 'चमकणे' असा एकच अर्थ दिलेला असतो आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. मराठीत आपण असा गोंधळ कधी करत नाही. तलवार तळपते, निखारा रसरसतो, दिवा मिणमिणतो, तारे लुकलुकतात. निखारा लुकलुकला असं लहान मूलही म्हणणार नाही.

म्हणून मी आधी एवढंच बघायला सांगते की उजेड त्या वस्तूचा स्वतःचा आहे की दुसरीकडून येऊन तिच्यावर पडलेला. निखारा, तापून लाल झालेलं लोखंड यांचा उजेड आतला, ज्वाळेशिवायचा, शांत असतो. तो 'ग्लो'. समाधानानं उजळलेल्या चेहऱ्यालाही म्हणूनच 'ग्लो' शोभतं. काजव्यांच्या ज्या अळ्या आणि बिनपंखी माद्या एकसारखा मंद उजेड देतात त्यांना इंग्रजीत 'ग्लो-वर्म' म्हणतात, आणि उडता काजवा उघडमीट करतो म्हणून त्याला 'फ्लॅश' किंवा 'ट्विंकल' लावतात. भडकलेल्या आगीला 'ब्लेझ', वाऱ्यानं थरथरणाऱ्या ज्योतीला 'फ्लिकर', दुरून जेमतेम दिसणाऱ्या उजेडाला 'ग्लिमर'. आशेच्या किरणालाही इंग्रजीत 'ग्लिमर'च म्हणतात.

दुसरीकडून आलेल्या उजेडात खरी मजा आहे. गुळगुळीत, घासूनपुसून लख्ख केलेल्या पृष्ठभागावरची सौम्य चकाकी म्हणजे 'ग्लीम'. धातूच्या कडेवरून किंवा भिंगावरून क्षणभर लकाकून गेलेली तिरीप म्हणजे 'ग्लिंट'. असे असंख्य बारीक ठिपके एकाच वेळी चमचमू लागले की 'ग्लिटर', मग ते हिमकण असोत की टिकल्या लावलेलं कापड. आणि 'ग्लिसन' बहुतेक वेळा ओल्या वस्तूचं, म्हणजे दव, घाम, आसवं, पावसात भिजलेला दगड यांचं. (यातल्या 'टी'चा उच्चार होत नाही.) कोरडा दगड खडबडीत असतो, म्हणून त्याच्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. पाण्याचा पातळ थर तो खडबडीतपणा भरून काढतो आणि बराचसा प्रकाश एकाच दिशेनं परत येतो. ही चकाकी ओलीच असते, आणि ते ओलेपण 'ग्लिसन' एका शब्दात सांगतं. भाषांतर करताना मला याच्यासाठी मराठीत एक क्रियापद कधीच पुरत नाही, सोबत 'ओलसर' किंवा 'पाणीदार' घ्यावंच लागतं.

'शिमर'मध्ये उजेड हलतो. चांदण्यातलं पाणी, रेशमाची घडी, उन्हात तापलेल्या रस्त्यावरची हवा. कमी-जास्त तापलेल्या हवेचे थर प्रकाशाला कमी-जास्त वाकवतात आणि पलीकडचं दृश्य थरथरतं. ताऱ्यांच्या 'ट्विंकल'मागेही हवेचाच हा खेळ आहे. तारा इतका दूर की तो बिंदूच दिसतो, त्यामुळे वातावरणातली खळबळ त्याचा उजेड सतत हलवते. ग्रहाची छोटीशी का होईना, तबकडी असते, म्हणून तो बराच स्थिर दिसतो. वातावरणाबाहेर गेलं की तारेही लुकलुकत नाहीत. गुरू किंवा शुक्रासाठी म्हणूनच मी 'ट्विंकल' वापरू देत नाही.

यातल्या बऱ्याच शब्दांची सुरुवात 'ग्ल'नं होते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. अशा अर्थसूचक ध्वनिगटांना जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञानं 1930 साली 'फोनेस्थीम' हे नाव दिलं. 'ग्लव्ह' आणि 'ग्लू' यांच्यात उजेड नाही, तेव्हा हा काही नियम नव्हे, नुसता कल आहे. मला त्याहून शेवट जास्त आवडतो. स्पार्कल, ट्विंकल, ग्लिटर, ग्लिमर, शिमर, फ्लिकर यांच्या शेवटी जो 'ल' किंवा 'र' येतो, तो क्रिया पुन्हापुन्हा घडत असल्याची जुनी खूण आहे. 'स्पार्क' म्हणजे एक ठिणगी, 'स्पार्कल' म्हणजे ठिणग्यांमागून ठिणग्या. हेच काम आपण शब्द दुमडून करतो: चमचम, लुकलुक, लखलख, मिणमिण. वीज एकदा चमकते, चांदण्या चमचमतात. हा फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याला 'फ्लॅश' आणि 'ग्लिटर' वेगळे शिकवावे लागत नाहीत.

चूक सगळ्यात महागात पडते ती डोळ्यांबाबत. आनंदानं, उत्साहानं डोळे 'स्पार्कल' होतात. मायेची, मिश्कील चमक असेल तर 'ट्विंकल', आजोबांच्या डोळ्यांत असते तशी. आसवांनी 'ग्लिसन'. 'ग्लिंट' आलं की वाचणारा सावध होतो, कारण त्यात बहुधा खोडी असते किंवा धमकी. आणि 'ग्लिटर' डोळ्यांना लावलं तर ते रागानं, लोभानं नाहीतर तापानं चमकताहेत असं वाटतं. प्रेमपत्रात प्रेयसीचे डोळे 'ग्लिटर' करणाऱ्याला मी तो शब्द लगेच बदलायला लावते.

'चकाकते ते सारे सोने नसते' ही म्हण इंग्रजीत आज 'ग्लिटर'नं म्हणतात. शेक्सपिअरच्या 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये, जे 1600 साली छापलं गेलं, तिथे 'ग्लिस्टर' आहे. ते क्रियापद आता वापरातून जवळजवळ गेलंय, तेव्हा ते शिकू नका.

आणि 'शाइन'चा भूतकाळ 'शोन' की 'शाइन्ड', हेही तुम्ही विचारलं होतंत. सूर्य 'शोन', बूट मात्र आपण घासून 'शाइन्ड' केले.