लिव्हिंग विल कपाटात ठेवू नका

"मृत्युपत्रातच लिहून ठेवलंय, मला व्हेंटिलेटर नको म्हणून," असं बरेच जण निर्धास्तपणे सांगतात. पण मृत्युपत्र उघडतं ते माणूस गेल्यावर. तोवर आयसीयूतले सगळे निर्णय होऊन गेलेले असतात. लिव्हिंग विल, म्हणजे शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवणं, हा वेगळा कागद आहे, तो वेगळाच करा.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट गेली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची (शक्यतो घरच्या माणसांना साक्षीदार घेऊ नका) आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घ्यायचं. शुद्ध हरपल्यावर तुमच्या वतीने संमती कोण देणार, त्यांची नावं घाला. एकच नाव नको. नेमका तोच माणूस परदेशात असतो. प्रती त्यांना आणि फॅमिली डॉक्टरांना द्या. एक प्रत महापालिकेने किंवा पंचायतीने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे हे कागद जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाते.

"माझे हाल करू नका" या वाक्यावर डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. स्पष्ट लिहा: बरं होण्याची आशा नसेल तर श्वासनळीत नळी नको, छाती दाबून हृदय सुरू करणं नको, डायलिसिस नको; वेदना आणि धाप कमी करणारी औषधं मात्र शेवटपर्यंत द्या. हे शेवटचं वाक्य तर गाळूच नका.

पुढे वेळ आली की, उपचार थांबवायचे का हे ठरवायला रुग्णालयात तीन डॉक्टरांचं मंडळ बसतं, मग दुसरं मंडळ. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. न्यायदंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचं, परवानगी मागायची नाही. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं.

लिव्हिंग विल नसलं तरी नातेवाइकांच्या संमतीने हीच प्रक्रिया होते. हे माहीत नसल्यामुळे घरचे "आमच्या जबाबदारीवर नेतो" अशी सही करून पेशंटला घरी आणतात. रात्री दोन वाजता धाप लागते आणि घरात धाप आणि वेदना कमी करणाऱ्या मॉर्फिनची एक गोळी नसते. हे हाल टाळता येतात, म्हणूनच ते बघवत नाहीत. निघण्यापूर्वी पॅलिएटिव्ह (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या) डॉक्टरांची चिठ्ठी मागा. साध्या मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून दुखण्याची वाट न बघता घड्याळ लावून द्यावं लागतं. सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध हवंच. आणि रात्री फोन कुणाला करायचा, तो नंबर त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या.