ऑगस्टातले बांबू

ऑगस्ट लागला की लॉस बान्योसमधल्या आमच्या शाळेत अभ्यास जवळपास बंद पडायचा. बाहेर पावसाची झड, वर्गात रंगीत कागदाच्या पताका आणि पडवीत दिवसभर बांबू आपटल्याचा आवाज. फिलिपाइन्समध्ये तेव्हा १३ ते १९ ऑगस्ट हा भाषासप्ताह असे, ‘लिंग्गो नांग विका’. शेवटचा दिवस मुद्दाम राष्ट्राध्यक्ष मानुएल केसॉन यांच्या जन्मदिवसाचा ठेवलेला, कारण टागालोगवर आधारलेली राष्ट्रभाषा त्यांनीच १९३७ मध्ये जाहीर केली होती. पुढे १९९७ मध्ये सरकारने या सप्ताहाचा अख्खा महिना केला. आमची शाळा सरकारच्या पुढे होती, तिचा महिना आधीपासूनच सुरू होता.

बाबा दापोलीच्या कृषी विद्यापीठातून तिथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गेले, म्हणून आम्ही त्या गावात. माकिलिंग डोंगराचा पायथा, गरम पाण्याचे झरे, नारळ, भात आणि पाऊस. आईला परदेशात आल्यासारखं वाटेना, मासळीबाजारात घासाघीस करताना तर मुळीच नाही.

सप्ताहाची सुरुवात रिसालपासून व्हायची. फिलिपाइन्सचे राष्ट्रनायक होसे रिसाल यांचं जन्मगाव कालांबा आमच्या शेजारीच, त्यामुळे त्यांच्यावर आमच्या भागाचा जरा जास्तच हक्क. दरवर्षी एका किडकिडीत मुलाला काळा कोट घालून, भांग पाडून उभं करत. ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिश राजवटीने त्यांना पाठमोरं उभं करून गोळ्या घातल्या, आणि पडता पडता ते वळले, असं तिथे लहान मुलांनाही ठाऊक असतं. त्यामुळे नाटुकल्यातल्या त्या मुलाने आकाशाकडे तोंड करून पडायलाच हवं. एका वर्षीच्या रिसालने महिनाभर पडण्याचा सराव केला, आणि ऐन वेळी इतका छान पडला की पालकांनी ‘पुन्हा एकदा’ म्हणून आरडाओरडा केला. तो उठला, कोट झटकला आणि पुन्हा हुतात्मा झाला.

मग नाच. तिनिक्लिंग बहुतेकांनी चित्रफितीत पाहिलेला असतो, पण त्यातलं खरं काम जमिनीवर उकिडवं बसलेल्यांचं असतं. दोन टोकांना दोघं, हातात दोन लांब बांबू. खाली आडव्या लाकडी पट्ट्यांवर दोनदा आपटायचे आणि तिसऱ्या ठोक्याला एकमेकांवर. नाचणाऱ्याची अनवाणी पावलं पहिल्या दोन ठोक्यांना आत, तिसऱ्याला बाहेर. शेवटी लय अशी वाढत जाते की बांबू धरणाऱ्यांची मनगटं भरून येतात. भातखाचरातले बांबूचे सापळे चुकवत उड्या मारणाऱ्या तिकलिंग पक्ष्याची ही नक्कल, मूळ लेयते बेटावरची. भातात आयुष्य घालवलेले बाबा या नाचाला हमखास पहिल्या रांगेत असत.

कुणाचा तरी घोटा सापडायचाच. तेव्हा सगळी पडवी हसायची, सर्वांत मोठ्याने ज्याचा पाय सापडला तो. आणि नाच पुढे चालू. आपल्याकडे स्नेहसंमेलनात पाऊल चुकलं की बाई पडद्याआडून डोळे वटारायच्या. इथे बाईच पोट धरून हसत.

मला दोन वर्षं पांदांगो सा इलाव मिळाला. डोक्यावर एक दिवा, दोन्ही हातांच्या पंजांच्या पाठीवर एकेक, आणि तसंच गिरक्या घेत नाचायचं. सरावाला पाण्याने भरलेले पेले देत. ओल्या केसांवर पेला ठरत नाही हे पहिल्याच दिवशी कळतं, मग आई मला तेल चोपडून घट्ट वेणी घालून पाठवू लागली. तिची ही युक्ती पुढे वर्गातल्या सगळ्या मुलींनी उचलली. हे नाच गावोगाव फिरून टिपून ठेवले ते फ्रान्सिस्का रेयेस-आकिनो नावाच्या शिक्षिकेने. तिने ते केलं नसतं तर आमच्या शारीरिक शिक्षणाच्या बाईंकडे शिकवायला काय राहिलं असतं कोण जाणे. बाई तिचं नाव आपल्याकडे गुरूचं नाव घेतात तसं कानाची पाळी धरून घेत नसत इतकंच.

शाळेच्या भिंतीवर थोरामोठ्यांची चित्रं होती. त्यात पांढऱ्या बारोंगमधले, म्हणजे तिथल्या पारंपरिक सदऱ्यातले, एक रांगड्या चेहऱ्याचे गृहस्थ पाहून बाबा थबकले, “अरे, हेच का ते मॅगसेसे!” आमच्या घरी मॅगसेसे म्हणजे पुरस्कार. विनोबांना १९५८ मध्ये मिळालेला, चिंतामणराव देशमुखांना १९५९ मध्ये, जामखेडच्या आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये, बाबा आमट्यांना १९८५ मध्ये. त्या नावाचा कुणी हाडामांसाचा माणूस असेल, तो राष्ट्राध्यक्ष असेल आणि १९५७ मध्ये सेबूच्या डोंगरावर विमान कोसळून गेला असेल, हे आमच्या गावीही नव्हतं. उलट तिथल्या शिक्षकांना विनोबा कोण ते माहीत नव्हतं. त्या दुपारी बाबांनी मुख्याध्यापिकेला भूदान समजावून सांगितलं, आणि पुढच्या वर्षी सप्ताहात ‘पाहुण्या देशाचं’ एक टेबल आम्हाला मिळालं.

ते वर्ष १९९४. मे महिन्यात मनिलातच विश्वसुंदरी स्पर्धा झाली होती आणि मुकुट सुष्मिता सेनला गेला होता. फिलिपिनो माणसाचा या स्पर्धांवर एवढा जीव का, हे मला आजतागायत उमगलेलं नाही, आणि तो जरा अतीच आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. पण त्या वर्षी आम्हाला फायदा झाला. त्यांच्या शार्लिन गोन्झालेसला तुमच्या देशात बेटं किती असं विचारलं, तर तिने भरतीच्या वेळची की ओहोटीच्या, असा उलट सवाल केला होता. गावभर तोच विनोद, आणि पाठोपाठ आमचं अभिनंदन, जणू सुष्मिता आमची चुलत बहीण. आईने टेबलावर एक पैठणी पसरली. दिवसभर बायका तिचा पदर बोटांत धरून पाहून जात होत्या.

खाणं प्रत्येक वर्गाचे पालक आणत. केळीचं पान घातलेल्या बांबूच्या परड्यांतून पान्सितच्या शेवया, बोटभर लांबीच्या कुरकुरीत लुम्पिया, म्हणजे सारण भरून तळलेल्या गुंडाळ्या, शहाळ्याचं खोबरं भरून भाजलेला ‘बुको पाय’ हा गोड पदार्थ, ज्यासाठी मनिलाचे लोकही लॉस बान्योसला येतात. आमच्यासाठी शेजारची लोला, म्हणजे आजीच, कोंबडीचा अडोबो, म्हणजे व्हिनेगरमध्ये शिजवलेला रस्सा, वेगळ्या पातेल्यात करायची आणि त्या पातेल्यापाशी स्वतः उभी राहायची, कुणी चुकून डुकराच्या रश्शाचा डाव त्यात बुडवू नये म्हणून. नारळी पौर्णिमा साधारण त्याच दिवसांत. आई नारळीभात न्यायची. तिथे नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट गोड भात असतोच, बिको नावाचा, त्यामुळे कुणीही “हे काय?” असं विचारलं नाही. लवंगा मात्र काढून परडीच्या कडेला ओळीने लावून ठेवायचे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त आठवतो तो १९९५ चा बालाग्तासान. बालाग्तासान म्हणजे पद्यातला वाद. दोन बाजूंना दोन कवी, मध्ये लाकानदिवा नावाचा पंच, आणि यमक न सोडता एकमेकांवर कुरघोडी, आपल्या तमाशातल्या सवाल-जवाबासारखी. फ्रान्सिस्को बालाग्तास या कवीच्या नावाने १९२४ मध्ये मनिलात हा प्रकार सुरू झाला. त्या वर्षी विषय होता, मायदेशी राहावं की परदेशी कामाला जावं.

विषय उगाच निवडलेला नव्हता. मार्चमध्ये सिंगापुरात फ्लोर कोन्तेम्प्लासिओन या घरकाम करणाऱ्या बाईला फाशी झाली होती आणि सारा देश पेटून उठला होता. जूनमध्ये परदेशी गेलेल्या कामगारांच्या रक्षणाचा कायदाही झाला. शाळेत किती मुलांची आई हाँगकाँगला, बाबा जहाजावर. ‘जावं’ या बाजूने बोलायला वर्गातला हुशार मुलगा होता, आणि ‘राहावं’ या बाजूने माझ्या बाकावरची मुलगी, जिची आई हाँगकाँगला दुसऱ्यांची मुलं सांभाळत होती. मुलगा फर्डा. घराचं छप्पर, भावाची फी, नवा फ्रिज, सगळं यमकात बसवून त्याने टाळ्या घेतल्या. ती उठली आणि तिने तोच फ्रिज धरला. फ्रिज भरलेला आहे, पण दार उघडलं की आत आई नसते, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली. टागालोगमध्ये ते जास्त साधं आणि जास्त झोंबणारं होतं. मागे बसलेली तिची लोला तिच्या दिशेने टेपरेकॉर्डर धरून होती. तेव्हा फोन महाग, त्यामुळे घरोघरी कॅसेट भरून परदेशी पाठवायची पद्धत होती, घरातलं भांडण, कोंबडा आरवणं सगळं त्यात जायचं. पंचाने बरोबरी जाहीर केली. लोलाला ते पटलं नाही. तिने उभं राहून पंचाला खडसावलं, आणि तेही कॅसेटमध्ये गेलं.

हल्ली मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असते. इथे फिलिपिनो मंडळींचा मेळावा ऑक्टोबरात होतो, कारण १५८७ साली त्याच महिन्यात मोरो बेच्या किनाऱ्यावर पहिल्या फिलिपिनो खलाशांनी अमेरिकेत पाय ठेवला. जवळच्या युनियन सिटीत एका शाळेला लॅरी इटलियाँग आणि फिलिप वेरा क्रूझ या फिलिपिनो कामगार नेत्यांचं नाव आहे. १९६५ मध्ये डेलानोच्या द्राक्षमळ्यांतला संप इटलियाँग यांच्या फिलिपिनो मजुरांनी सुरू केला, सेसार चावेझ यांचे मेक्सिकन मजूर आठवडाभराने त्यात आले. नाव मात्र चावेझ यांचं झालं. मेळाव्यात म्हातारी माणसं हे दरवर्षी नव्या चिडीने सांगतात, आणि त्यांनी ते सांगत राहावं असं मला वाटतं.

इथे तिनिक्लिंगला बांबू नाहीत, प्लॅस्टिकचे पाइप आहेत. ठोका अगदीच पचपचीत येतो. सापडलेल्या पायाला हसणं तेवढं तस्संच. हिडिलिन डियाझने टोकियोत वजन उचलून फिलिपाइन्सला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण दिलं, तेही पहिल्यांदा भाग घेतल्यापासून ९७ वर्षांनी. तेव्हा आमच्या ऑफिसातली तिता, म्हणजे मावशीच, आठवडाभर जिन्याने पाण्याचे मोठे बुधले उचलून आणत होती. २०२४ मध्ये कार्लोस युलोने पॅरिसला जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णं घेतली, तर त्या ऑक्टोबरात पाच-सहा वर्षांची पोरं मंचावर कोलांट्या मारत होती, आणि आयोजक माइकवरून गाद्या सरकवायला सांगत होते.

गेल्या वर्षी मुलांनी बालाग्तासानही केला, निम्मा इंग्रजीत. विषय, अडोबोत सोया सॉस घालावा की नुसतं व्हिनेगर. पंच म्हणून दहावीतली एक मुलगी होती. तिने गंभीर चेहऱ्याने दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल द्यायला तोंड उघडलं, तोवर मागच्या आज्या उठून खाण्याच्या रांगेत गेल्या होत्या. तिथे दोन्ही प्रकारची पातेली होती आणि खरा वाद तिथे सुरू झाला.