तुम्ही विचारलंत म्हणून: ‘कंडक्टिव्हिटी, म्हणजे वीज वाहून नेण्याची क्षमता, किती आली?’

मज्जातंतूंसाठी वीजवाहक स्कॅफोल्ड (पेशी ज्यावर वाढतात तो आधार) म्हटलं की पहिला प्रश्न हाच. आकडा ऐकला की समाधान. तो कोरड्या फिल्मवर मोजलाय का, हे कुणी विचारत नाही.

पेशी कोरड्यात जगत नाहीत. पेशी ज्या पोषक द्रावणात वाढवतात, त्या कल्चर मीडियमचीच संवाहकता (कंडक्टिव्हिटी) मीटरला सुमारे 1.5 सीमेन्स. ओला स्कॅफोल्ड त्याच्या हजारपट कमी पडला, तर वीज मीडियममधूनच जाणार.

आणि फिल्म टिकली तर ना! काचेवर नुसतं पेडॉट-पीएसएस (वीजवाहक पॉलिमर पेडॉट आणि त्याच्या जोडीचं आम्लधर्मी पीएसएस) ओता, चार टोकं टेकवून केलेलं संवाहकतेचं मापन झकास येईल. मीडियम घालून रात्रभर ठेवा. सकाळी फिल्म फुगून पापुद्र्यासारखी तरंगत असते, पेशी तिच्यावर बसलेल्या. उपाय माहीत आहे: 5 टक्के इथिलीन ग्लायकॉल, थोडं डीबीएसए (साबणासारखं रसायन), 1 टक्का जीओपीएस (फिल्म धरून ठेवणारा सिलेन), 0.45 मायक्रॉनची गाळणी, प्लाझ्माने साफ केलेली काच, 140 अंशांवर तासभर. जीओपीएस घातलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. तो सिलेन पाण्यात हळूहळू एकमेकांना धरतो, द्रव घट्ट होतो, गाळणी तुंबते. भाजल्यावर फिल्म रात्रभर शुद्ध पाण्यात बुडवायची. ते टाळलं, तर सुटं पीएसएस मीडियममध्ये उतरतं. ते आम्ल आहे, पेशी मरतात आणि दोष ‘मटेरियल विषारी’ म्हणून लागतो. आता गंमत बघा: जीओपीएसने फिल्म धरून राहते, पण संवाहकता उतरते. म्हणजे तुम्हाला हवा तो आकडा मी मुद्दाम खाली आणलेला असतो.

हो, वीज उपयोगी पडते. 1997 साली पॉलिपायरोल या दुसऱ्या वीजवाहक पॉलिमरवर पीसी-12 पेशींना 100 मिलिव्होल्ट दोन तास दिल्यावर तंतू जवळपास दुप्पट लांब झाले. पण पीसी-12 म्हणजे उंदराच्या गाठीतल्या पेशी, आणि ती दुप्पट लांबी होती सुमारे 18 मायक्रोमीटर. हातातली तुटलेली नस सेंटीमीटरांचं अंतर मागते. तिथे आजही पायाची सुरल नस काढून जोडणं हाच भरवशाचा मार्ग.

‘पॉलिमर आत राहिला तर राहू दे, विषारी नाही ना,’ असं मीच पूर्वी म्हणत असे. पण नस दिवसाला मिलिमीटरभर वाढते. 3 सेंटीमीटरला महिना पुरे, मग आधाराचं काम संपलं. पीएलजीए हा शरीरात विरघळणारा पॉलिमर नंतर निघून जातो, पेडॉटचे कण राहतात. आता ते वाक्य तोंडातून निघत नाही. आणि विरघळणारं काही घ्यावं, तर वीज अडते.